सावड

लावणीच्या दिवसांत आमच्या आईचे पाय बघवायचे नाहीत. दिवसभर भाताच्या खाचरात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडायच्या, कुजायच्या, मग फाटायच्या. चिखल्या म्हणतात त्याला. संध्याकाळी ती मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरायची आणि पाय भिंतीला उंच टेकवून पडायची. वडील मी सातवीत असताना गेले. रिह्यात, आमच्या गावी, आमची खाचरं मोजकीच. ती लावून झाली की आई दुसऱ्यांची लावायला जायची आणि पावसाळा सरला की पुणेवाल्यांच्या फार्महाऊसवर झाडलोटीला. घरात चूल पेटायची ती तिच्या कमरेच्या जिवावर. दादाने दहावीतच शाळा सोडली आणि लोकांचा ट्रॅक्टर चालवू लागला.

मला मात्र तिने एकदाही खाचरात उतरू दिलं नाही. भाकरी घेऊन गेले तरी बांधावरूनच परत पाठवायची.

"सारके, बांधाखाली पाय टाकलास तर तंगडं मोडून हातात दीन," असं सगळ्या बायकांच्या देखत म्हणायची. बायका हसायच्या. आमची शेजारीण कौसाकाकू एकदा म्हणाली, "हिरे, लेकीला काय देव्हाऱ्यात बसवतीस व्हय?"

आई म्हणाली, "व्हय. बसवती."

कौसाकाकू आणि आई सावडीतल्या जोडीदारणी. आमच्याकडे लावणी सावडीवर चालते. आज तुम्ही माझ्या खाचरात वाका, उद्या मी तुमच्या. कुणी लिहून ठेवत नाही, पण घेतलेली सावड फेडायची असते हे लहान पोरालाही माहीत असतं. भाताचं रोप कुणासाठी थांबत नाही, आणि एकट्या माणसाकडून लावणी होत नाही.

मी पौडच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. लग्नानंतर मारुंजीत राहायला आले, तिथल्या एका सोसायटीच्या ऑफिसात हिशेब बघायला लागले. नवरा, संतोष, लातूरकडचा. हिंजवडीत एका कंपनीत शिफ्टला जातो. मुलगी आर्या शाळेत. एवढं सुरळीत चाललेलं असताना आईला कॅन्सर झाला.

आजारी माणसाने काय खावं, कसं राहावं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी त्याच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

शिकलेलं कोण?

आईच्या डाव्या गालात आतून जखम होती. ती तिने किती महिने लपवली ते आम्हाला कधीच कळलं नाही. दाढ दुखते म्हणायची. मिश्री चालूच होती. तव्यावर तंबाखू भाजायची, चुरून डबीत भरायची आणि सकाळी उठल्याबरोबर बोटाने हिरड्यांवर घासायची. आमच्याकडच्या बायकांचं हे चहाच्या आधीचं काम. पुढे तिला तिखट लागेना, मग भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. तेव्हा माझ्या वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, मला फोन केला. म्हणाली, "वन्सं, आत्यांच्या त्वांडाला वास येतोय. ह्ये दाढंचं न्हाई."

हे वहिनीने ओळखलं. तिचं शिक्षण आठवी.

पुण्यातल्या हॉस्पिटलात आम्ही चौघं गेलो. रिपोर्ट घेऊन डॉक्टर आले, चौघांकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्यातलं शिकलेलं कोण आहे?" दादाने माझ्याकडे बोट केलं. वहिनीनेही केलं. आणि आईने तर पदर सावरून, छाती पुढे काढून सांगितलं, "ही. माझी लेक. बी.कॉम. हाय." तिच्याच कॅन्सरचा कागद डॉक्टरांच्या हातात होता आणि ती माझी पदवी सांगत होती.

डॉक्टर मला आत घेऊन गेले. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत बोलले. उशीर झालाय, ऑपरेशन करू, जबडा काढावा लागेल, मग शेक, म्हणजे रेडिएशन, देऊ, बघू. 'बघू' हा शब्द डॉक्टर कसा म्हणतात त्याकडे लक्ष ठेवा. त्यात सगळं असतं.

बाहेर बाकावर तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "गाठ हाय. कापून काढत्यात. मग शेक देत्यात."

आईने विचारलं, "त्योच ना?"

त्या आजाराचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. मी म्हणाले, "व्हय."

"मग तसं म्हण की. शिकलीयास ना?"

त्या दिवशी वाटणी झाली. शिकलेली म्हणून फायली माझ्याकडे आल्या. सून म्हणून आई वहिनीकडे गेली.

वहिनी

ऑपरेशननंतर आईचा चेहरा एका बाजूने आत गेला. बोलणं अस्पष्ट झालं. शेक सुरू झाले तेव्हा वहिनी तिला रोज रिह्याहून पुण्याला न्यायची, दोन बस बदलून. पहाटे उठून पोरांचे डबे, गुरांचं शेण, दादाची भाकरी, मग आई. शेकाच्या रांगेत बसून परत आलं की संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. मी सुट्टीच्या दिवशी जायचे, फाईल तपासायचे, गोळ्या लावून द्यायचे आणि निघायचे. नोकरी होती.

भेटायला माणसं खूप यायची. येताना केळी आणायची. आईला गिळता येत नव्हतं. केळी पोरं खायची आणि आलेल्यांना चहा वहिनी करायची. जाताना सगळे म्हणायचे, सून सोन्यासारखी मिळाली. सोन्याला कुणी विचारत नाही जेवलीस का म्हणून.

शिमग्यानंतर गालाची जखम बाहेरून फुटली. वास घरभर झाला, मग अंगणात आला. नाकातून पोटात नळी घातली, त्यातून पेज, दूध, पाणी, सगळं ठरल्या वेळी. वहिनी दिवसातून तीनदा जखम पुसायची. दादा जखमेकडे बघू शकत नव्हता. दारात उभा राहून आढ्याकडे बघत आईशी बोलायचा. मी त्याला नावं ठेवत नाही. काही माणसांना ते जमत नाही. पण ज्यांना जमतं त्यांनाही ते जमतच असतं असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

एका सकाळी दादाचा फोन आला. "सारके, ये गं. ती गोठ्यात बसलीया, उठतच न्हाई."

मी गेले तेव्हा वहिनी गव्हाणीला टेकून बसली होती. दुधाचं भांडं कलंडलेलं. रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "मला उठाया येत न्हाई, वन्सं. पाय हायेत, पर उठाया येत न्हाई."

मी तिच्याजवळ बसले. तिच्या साडीलाही तोच वास येत होता.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि तिला नि पोरांना माहेरी, कासारसाईला, घेऊन गेला. भावकीत बोललं गेलं की मरायला टेकलेल्या सासूला टाकून गेली. जी बाई सगळ्यांत मोठ्याने हे बोलली तिने आईच्या खोलीत पाऊल टाकलेलं नव्हतं. बाहेरूनच नाकाला पदर लावून केळी देऊन गेली होती.

पाहुणी

दादा आता पाण्याचा टँकर चालवतो, मारुंजी-हिंजवडीच्या सोसायट्यांना पाणी टाकतो. त्या टँकरच्या पुढच्या सीटवर बसवून त्याने आईला माझ्याकडे आणलं. गालावर पदर ओढून ती ताठ बसली होती. एक पिशवी होती, तिच्यात दोन लुगडी आणि मिश्रीची डबी. आता त्या तोंडात ती कुठे लावणार होती कोण जाणे.

आमच्याकडे आई लेकीच्या घरी येते ती पाहुणी म्हणून. जेवायचं, साडी-चोळी घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत निघायचं. राहायचं म्हटलं तरी एखादी रात्र. मरायचं तर नाहीच. लेकीच्या दारातून तिरडी निघाली तर लेकाचं घर असून नसल्यासारखं, असं मानतात. मला हे पटत नाही. पण ते आईला पटत होतं, आणि मरायचं तिला होतं.

मारुंजीच्या त्या दोन खोल्यांत मी वहिनी झाले. पहाटेची पेज, नळी, जखम, चादर, गोळ्या, परत पेज. संतोष रात्रपाळीहून येऊन चहा न घेता आईजवळ बसायचा म्हणजे मला अंघोळ करता यायची. तो कधी तक्रार करत नव्हता, पण बोलणंही बंद झालं. आम्ही नवरा-बायको कितीतरी दिवस फक्त औषधांबद्दल बोललो. खोलीत उदबत्त्या लावायचे, कॉफीची पावडर वाटीत ठेवायचे. मग उदबत्ती आणि कॉफी या दोन्हींना तोच वास येऊ लागला. एकदा आर्याने विचारलं, "आई, माझ्या दप्तराला आजीचा वास येतो का गं?" मी नाही म्हणाले. तिने दप्तर उन्हात नेऊन ठेवलं.

ऑफिसातून फोन यायचे. "मॅडम, अजून किती दिवस?" ते वाईट नव्हते, त्यांचा हिशेब तुंबला होता. पण या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? लवकर म्हटलं तर आईचं मरण मागितल्यासारखं, उशीर म्हटलं तर नोकरी गेली. मी काहीच बोलले नाही आणि नोकरी गेली.

आता सुटू दे हिला, आणि मलाही, हा विचार मला आला. ज्यांना आला नाही त्यांनी अजून पुरेशा चादरी धुतलेल्या नाहीत. मी तो मनातल्या मनात झटकायचे आणि तो पेजेच्या वेळेसारखा परत यायचा.

डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, आता इथे आणू नका. वेदनेच्या गोळ्या देतो, घरी ठेवा, आवडेल ते खाऊ घाला. नाकात नळी असलेल्या बाईला काय आवडेल ते मी विचारलं नाही.

आमच्या घरमालकालाही कळलं होतं. इथलाच माणूस, जमीन विकून चाळवजा इमारत बांधलेली. दारात येऊन चप्पल न काढता म्हणाला, "ताई, राग नका धरू. पर भाड्याच्या खोलीत तसं काय झालं, तर परत खोली कोण घेत न्हाई. वरच्या पोरांनी आत्ताच इचारलंय."

मी त्याला चांगलं सुनावणार होते. मागे वळले तर आई अंथरुणातून त्याच्याकडे बघत मान हलवत होती. तिला त्याचं पटलं होतं. तो गेल्यावर तिने माझा हात ओढला आणि तोंडातून आवाज काढला, "इह्याला." पहिलं अक्षर तिला फुटत नव्हतं. रिह्याला.

त्यानंतर ती दुसरं काही बोललीच नाही. सकाळी इह्याला, नळीतून पाणी घालताना इह्याला.

पण रिह्यात होतं कोण? दादा दिवसभर टँकरवर. घराला कुलूप. मी तिथे जाऊन एकटीने करू शकत नव्हते. माझी कंबर गेलेली, आणि एकदा पेज घालताघालता मी बसल्या जागी झोपले होते. वहिनी परत आली तरच आईला तिच्या घरात मरता येणार होतं. सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं. आणि तिला ये म्हणायचा हक्क आमच्यापैकी कुणाला नव्हता.

कासारसाई

तरी मी गेले. संतोषला आईजवळ बसवून वहिनीच्या माहेरी गेले. ती अंगणात तांदूळ निवडत होती. तिची तब्येत जराही सुधारलेली नव्हती. तिच्या आईने पाणी दिलं आणि आत निघून गेली.

वहिनी म्हणाली, "न्यायला आलाव?"

मी खरं ते सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, घरमालक काय म्हणाला, आई काय म्हणते. तिने मान वर केली नाही.

"वन्सं, मी सून हाय, दगूड न्हाई. मला त्या खोलीत जाया सांगू नका. म्या जेवाया बसली की मला त्यो गाल दिसतो. पोराचा गाल बघितला तरी त्योच दिसतो."

"खोलीत नको जाऊ," मी म्हणाले. "खोलीतलं मी करते."

"आन् लावणी? आता रोप काढाया आलंय. गावात तोंड दाखवायची चोरी झालीय, माझ्या सावडीला कोण येणार? त्यांनी टँकर सोडून खाचरात वाकायचं, का म्या एकटीनं?"

ते माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. मी म्हणाले, "मी येते तुझ्या सावडीला."

वहिनीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग हसली, खरंच हसली, हातातलं सूप खाली ठेवून. "तुमी? लावणीला? इस्त्रीची साडी भिजंल की."

"सकाळचं आईचं सगळं उरकून मी खाचरात जाते. तेवढा वेळ तू घरी राहा. तुझी लावणी मी करते, माझी आई तू राख. सावड."

तिने सूप परत मांडीवर घेतलं. सावड हा शब्द नसता, मी विनवणी केली असती किंवा तिचं कर्तव्य काढलं असतं, तर ती आली नसती. तिनेच मला नंतर हे सांगितलं. कर्तव्याला शेवट नसतो, सावडीला असतो.

"बसंन," ती म्हणाली. "पर उंबऱ्याच्या भायेर. आत पाय टाकणार न्हाई. हाक ऐकू येईल एवढ्यावर बसंन."

"चालेल."

"आन् आत्यांना कळलं तर? लेक चिखलात उतारली म्हणून?"

मी म्हणाले, नाही कळणार.

चिखल

दादाने आईला परत टँकरमधूनच नेलं. आर्याला संतोषजवळ ठेवून मीही गेले. ओसरीलगतच्या खोलीत, तिच्या जुन्या जागी, खाट टाकली. तिने भिंतीला हात लावून बघितला आणि त्यानंतर इह्याला म्हणणं बंद केलं.

मी सकाळी पेज, जखम, गोळ्या, चादर उरकून खाचरात जायचे. वहिनी ओसरीवर उंबऱ्याच्या अलीकडे बसायची, निवडणं-टिपणं घेऊन. आतून आवाज आला तर बाहेरूनच विचारायची, "आत्या, काय हवंय?" फारच लागलं तर पोराला खाचरात पिटाळायची आणि मी धावत यायचे.

पहिल्या दिवशी मी बांधावर चपला काढल्या आणि तशीच उभी राहिले. सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा. कौसाकाकू ओणवीच होती, तशीच म्हणाली, "ये गं बी.कॉम. फळा न्हाई हितं, पर शिकवते."

बायका हसल्या. मीही हसले. पाय घातला तर पोटरीपर्यंत गार चिखल. मी रोप वाकडं लावायचे, काकू ते उपटून परत लावायची. "मॅनेजरीणबाई, खोल नका दाबू, जीव जाईल त्याचा." कंबर दुखून दुखून बधिर झाली. कुणी आईचं विचारलं नाही. किती दिवस असंही कुणी विचारलं नाही. काकू एकदाच म्हणाली, "हिरीनं बघितलं तर मला आधी मारंल," आणि पुढची मूठ उचलली.

मला खाचरात बरं वाटायचं. हे मी स्पष्ट लिहिते. खोलीत मी दिवसभर राबायचे आणि संध्याकाळी आई सकाळपेक्षा वाईट असायची. इथे मी मूठभर रोप लावलं की मूठभर खाचर हिरवं दिसायचं. तेवढ्यावर मी परत खोलीत जायचे. बसणाऱ्या माणसाला विश्रांती घ्या म्हणतात. विश्रांती मला कधीच मिळाली नाही. दुसरं काम मिळालं.

घरी आल्यावर मी मोरीत पाय घासून धुवायचे, नखं कोरायचे, आणि मगच आत जायचे. पण एका दुपारी आईला ठसका लागला. वहिनीने बाहेरून हाक मारली ती पार बांधापर्यंत ऐकू आली. मी तशीच पळत आले, उंबरा ओलांडला, नळी सरळ केली, आईला उठवून बसवलं. ठसका थांबला. ती धापा टाकत होती आणि तिची नजर खाली गेली.

माझे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. जमिनीवर पावलं उमटलेली.

आई बघत राहिली. मी काहीतरी बोलले, कौसाकाकूला हातभार लावायला गेले होते वगैरे. ती ऐकत नव्हती. तिने बोट आधी माझ्या पायांकडे केलं आणि मग मोरीकडे. दोनदा. मग भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळची पेज घालतानाही तिने माझ्याकडे बघितलं नाही.

जन्मभर तिच्या मनात दोन गोष्टी होत्या, लेक चिखलात उतरू नये आणि मरण आपल्या घरात यावं. मी एक देण्यासाठी दुसरी मोडली. तिला विचारलं असतं तर तिने कुठली निवडली असती मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पुढच्या दिवशी परत खाचरात गेले, कारण सावड मध्येच सोडत नाहीत.

उंबरा

शेवटची दोन खाचरं राहिली होती. त्या दिवशी आई सकाळपासून झोपेतच होती. गोळ्यांमुळे असेल असं मला वाटलं. जखम पुसली तरी तिने डोळे उघडले नाहीत. मी वहिनीला तसं सांगून गेले.

दुपार कलताना वहिनी बांधावर येऊन उभी राहिली. तिने हाक मारली नाही. आधी काकूला ती दिसली, काकू सरळ झाली, मग एकेक बाई सरळ झाली. मी सगळ्यांत शेवटी मान वर केली. वहिनीच्या हातात कापसाचा ओला बोळा होता.

"वन्सं," ती म्हणाली, "वर या."

चिखलातून पाय निघेना. काकूने काखेत हात घालून मला वर ओढलं.

वाटेत वहिनीने सांगितलं. तिची मान खाली होती. श्वासाचा आवाज बदलला म्हणून तिने बाहेरून हाक मारली, आत्या, आत्या. उत्तर आलं नाही. पोरं शाळेत होती, पाठवायला कुणी नव्हतं. मग थांबून ती म्हणाली, "मी आत गेल्ते, वन्सं."

मी चिखलाचे हात पदराला पुसले.

"डोकं मांडीवर घेतलं. बोळ्यानं पाणी लावलं. दोनदा व्हट हलले. तुमाला बोलवू का इचारलं तर मानेनं न्हाई म्हणाल्या."

आईने खरंच मान हलवली, की वहिनी माझ्यासाठी तसं म्हणाली, हे मला माहीत नाही. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुमच्याही बाबतीत असं होईल. वर्षभर तुम्ही बसाल आणि जायच्या वेळी तुम्ही तिथे नसाल. त्याचा अर्थ लावत बसू नका.

घरात शिरण्याआधी मी मोरीत गेले. आधी पाय धुतले.

तिसऱ्या दिवशी पुरुष माणसं राख सावडायला गेली. सुतकात आम्ही दोघींनी खाचरात उतरायचं नव्हतं. ओसरीवर बसून बघितलं तर आमच्या राहिलेल्या दोन खाचरांत कौसाकाकू आणि बायका वाकलेल्या. दादा त्यांना नको म्हणायला गेला. काकू त्याला म्हणाली, "तुझी न्हाई फेडत. हिरीची फेडतोय."

आता बरेच महिने झाले. नोकरी गेली ती गेली, दुसरी मिळालेली नाही. संतोष आणि मी परत बोलायला शिकतो आहोत, जमतं तेवढं. आर्या दप्तराचा वास घेते, मी बघितलं नाही असं समजून. वहिनीला अजूनही मधेच जेवताना उठावं लागतं. आईची मिश्रीची डबी चुलीमागच्या कोनाड्यात होती. दिवस झाल्यावर एका सकाळी बघितलं तर वहिनीचं बोट तोंडात. मी तिला बोलले. तिने चूळ भरली. दुसऱ्या दिवशी परत बोट तोंडात. डबी मी उकिरड्यावर टाकली तर तिच्या कमरेला दुसरी होती. सवय आहे, म्हणते, सुटत न्हाई. गावातल्या बायकांना मी सांगते. त्या मिश्री लावता लावता ऐकतात.

एकट्याने करू नका असं सगळे सांगतात. कुणाला बोलवायचं ते कुणी सांगत नाही. मी एवढंच सांगीन की उपकार मागू नका, कुणी फार दिवस करत नाही. बदल्यात तुम्ही कुठे वाकाल ते सांगा. त्यानेही आजारी माणूस वाचत नाही. आमचं वाचलं नाही.

आई तिच्या घरात गेली. शेवटचं पाणी तिला सुनेच्या हातचं मिळालं. खाचरं सगळी लावून झाली. एवढं आम्ही दोघींनी केलं.